प्रकरण अकरावे: कोरम आणि बकरी

रविवारी सकाळी साडेदहाला देवराव निमगड्यांनी तातडीची सभा बोलावली, तेव्हा अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली होती आणि सभेला टेकायला जागा नव्हती. देवरावांनी अध्यक्ष म्हणून मोहफुलं सरकवायचा हुकूम दिला. त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, मोहफुलं वेचणारी म्हणून तो फेटाळला. मग सगळे उठून विहाराच्या ओट्यावर जाऊन बसले. विहार घराला लागूनच होता. मधे फक्त एक भिंत, आणि त्या भिंतीबद्दल आजवर नऊ ठराव झालेले होते.

साक्षीने आजोबांच्या, म्हणजे देवरावांच्या, हातातलं पत्र घेऊन पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. नागपूरच्या ज्या प्रतिष्ठानाकडे तिने अर्ज केला होता, त्यांच्या प्रतिनिधी मंगळवारी बोरटोल्याला येणार होत्या. शेवटची ओळ अशी होती: "संस्थेत निर्णय लोकशाही पद्धतीने होतात, असे आपण कळवले आहे. पुरावा म्हणून मूळ इतिवृत्त पुस्तक तयार ठेवावे."

"मूळ म्हणजे?" राजदीपकाकाने विचारलं. घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो तसाच मोटारसायकलवर निघून आला होता, आणि अजून त्याच्या भुवया राखाडी होत्या.

"मूळ म्हणजे हे," देवराव म्हणाले, आणि त्यांनी मांडीवरच्या बुकावर हात ठेवला.

सगळ्यांच्या नजरा त्या बुकाकडे गेल्या. 

छप्पन्न साली नागपूरहून परतताना देवरावांचे वडील इतवारी निमगडे दोन गोष्टी घेऊन आले होते. एक नवा धम्म, आणि दुसरी रूळ मारलेली वही. दोन्ही त्यांनी सारख्याच निष्ठेने पाळल्या. सगळ्यांनी मिळून जे ठरवलं ते लिहायचं, आणि लिहिलेलं पुढच्या सभेत वाचून दाखवायचं. त्याशिवाय पुढचा शब्द बोलायचा नाही. पहिल्या पानावर विहारासाठी जागा देण्याचा ठराव होता. कागद महाग होता, पान अर्धं रिकामं होतं आणि समितीत सगळे घरचेच होते. म्हणून दुसऱ्या ठरावापासून घर आणि विहार एकाच बुकात आले ते आजवर वेगळे झाले नाहीत. वही संपली की तिच्यामागे दुसरी शिवायची. आता बुक उशीएवढं जाड झालं होतं, आणि लटारूआबा एकदा खरंच त्यावर डोकं ठेवून झोपले होते. त्याचाही ठराव आहे.

एक्क्याण्णव सालचा ठराव असा: "दूरदर्शन संच आणावा काय? मते समसमान. सबब संच आणावा, परंतु बंद ठेवावा." साक्षीच्या आईवडिलांच्या लग्नाबद्दल एवढंच: "गोपालसाठी मुलगी पाहण्यात आली. मुलगी सर्वांना पसंत. मुलाचे मत पुढील सभेत विचारावे."

"हे बुक दाखवलं तं झालं कल्याण," लटारूआबा म्हणाले. ते देवरावांचे धाकटे भाऊ. "दुसऱ्याच ठरावात माह्या उवा हायेत, दादा! चार वर्षांचा होतो मी. उवा मेल्या, मारणारी माय गेली, डोक्यावरचे केस गेले. ठराव तेवढा जिता हाय."

"तो अमलात आलेला ठराव हाय," देवराव शांतपणे म्हणाले. "यशस्वी ठराव हाय तो. लाज कायची त्यात?"

साक्षी लिहीत राहिली. ती सचिव होती, आणि इतवारी पणजोबांचा नियम होता की लिहिणाऱ्याला मत नसतं. मत असलं की अक्षर एका बाजूला कलतं. आणि तिच्या मनात उवांचा ठराव नव्हताच. तिच्या मनात होता ठराव क्रमांक एकवीसशे एकतीस, तीन महिन्यांपूर्वीचा, तिच्याच हातचा: "तीस जूनपर्यंत अनुदान न मिळाल्यास अभ्यासिका बंद करावी व साक्षीने पुण्यास जाऊन कंपनीतील नोकरी धरावी. सूचक दीपालीबाई. अनुमोदक राजदीप. मंजूर." दीपालीबाई म्हणजे तिची आई. स्वतःच्या हद्दपारीचा हुकूम साक्षीने एकही खाडाखोड न करता लिहिला होता. अक्षर जरासुद्धा कललं नव्हतं, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग होता.

विहारातल्या त्या अभ्यासिकेत आसपासच्या सहा गावांची सव्वीस मुलंमुली बसत. कोणी पोलीस भरतीचं, कोणी नर्सिंगचं, कोणी वनरक्षकाचं. वर टिनाचं छत होतं. एप्रिलमध्ये दुपारी त्याखाली बसणाऱ्याला परीक्षेची गरज नव्हती, तो आधीच पास झालेला होता. वर पक्कं छत, टेबलं, पुस्तकं आणि लाइट गेली तरी फिरणारे पंखे, एवढंच साक्षीला हवं होतं. त्यासाठी वर्षभर तिने सावली गावच्या एसटी स्टँडजवळ बाबूभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून अनुदानं शोधली होती. धार्मिक संस्थांना पैसे देणारे पुष्कळ होते. एकाला आधी गोशाळा हवी होती. एकाला घंटेचा व्यास हवा होता. एका अर्जात "मुख्य देवता" ही चौकट भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं.

"लिही, लागू नाई," देवरावांनी तेव्हा सांगितलं होतं.

"लागू नाई घेत नाई आबाजी तो. यादीतलीच एखादी निवडाची हाय."

"मंग त्याले पत्र लिही."

पत्र गेलं. चार पानी. त्यात देवता का नाही हे देवरावांनी मुळापासून समजावून सांगितलं होतं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: "आपल्या देवतेची नोंद घेण्यात आली आहे."

अशा बारा अर्जांनंतर हा तेरावा. आणि पहिल्यांदाच कोणीतरी बघायला येणार होतं.

"माह्यं ऐका," राजदीपकाका म्हणाला. "नवीन बुक करू. फक्त तीन वर्षांचं. चोख. 'अभ्यासिकेचा आढावा घेण्यात आला, समाधान व्यक्त करण्यात आले.' बस. उवा नाई, टीव्ही नाई."

"खोटं लिहाचं?" रुखमाबाईंनी विचारलं. त्या चहाचे रिकामे कप गोळा करत होत्या.

"खोटं नाई व माय. फेअर कॉपी."

"ज्याची रफ कॉपी झालीच नाई त्याची फेअर कॉपी?"

"माय, तू मधात नको बोलू."

"मी मधात नाई, मी शेवटी बोलून राह्यली."

मग दीपालीबाई बोलल्या, आणि साक्षीने लिहिता लिहिता मान वर केली. "राजदीपभाऊचं बरोबर हाय. नवीन बुक करा."

"तूच तं तिले पुन्याले पाठवून राह्यली ना वं?" लटारूआबा म्हणाले. "अनुदान नाई भेटलं तं तुह्याच मनासारखं होते."

"मले पोरगी जाऊ द्याची हाय, लहाने मामाजी. हरून जाऊ द्याची नाई." त्यांनी साक्षीकडे न पाहता साडीची निरी सारखी केली. "लोकं या बुकाले हसतीन. ते हसणं तिच्यावर येईन."

साक्षीला लिहायचं होतं की अनुमोदकांचा आवाज जरा भरून आला. पण तशी पद्धत नव्हती.

"ठराव मांडा," देवराव म्हणाले.

"आबाजी," साक्षीला राहवलं नाही, "खोटं बुक कराचा ठराव या खऱ्या बुकात लिहू?"

"मंग कुठी लिहिशीन? खोटं बुक तं अजून बनलंच नाई."

रुखमाबाई कप आत ठेवून, पदराला हात पुसत परत येऊन बसल्या. साक्षीने क्रमांक टाकला: एकवीसशे चौतीस.

"अवं माय, बकरी!" रुखमाबाई ओरडल्या.

खरंच बकरी सुटली होती आणि अंगणातल्या मोहफुलांत उभी राहून सावकाश, चव घेत खात होती. गळ्यात दोर तसाच होता. रुखमाबाई पदर खोचून धावल्या. बकरी परसाकडे पळाली, रुखमाबाई तिच्यामागे. साक्षीने सवयीने लिहिलं: "११.१०. रुखमाबाई बकरी हाकलण्यास गेल्या."

राजदीपने मोबाइल लावला. साक्षीचे बाबा, गोपाल निमगडे, एसटीत वाहक होते आणि बहुतेक सभांना चालत्या बसमधूनच हजर असत.

"दादा, मत दे."

"कायचं?" फोनमधून बसचा खडखडाट आला.

"खोटं बुक कराचं."

"कोनाचं?"

"आपलंच."

"माय काय म्हणते?"

"माय बकरीमागं गेली."

"मंग थांब ना... ओ मावशी, ते कोंबडी मांडीवर घ्या, सीटवर नाई... दीपाली काय म्हणते?"

"वहिनी बाजूनं हाय."

"मंग मले घरी याचं हाय ना बाप्पा. बाजूनं."

बाजूने चार, अध्यक्ष तटस्थ, विरोधात कोणी नाही. ११.१५ ला ठराव मंजूर. ११.२५ ला रुखमाबाई परत आल्या, घामाघूम आणि विलक्षण प्रसन्न. साक्षीने तेही लिहिलं, प्रसन्न सोडून.

*

सोमवारी सकाळी बाबूभाई स्वतःच जुन्या वह्या घेऊन सावलीहून आले. त्यांची शिरीन अभ्यासिकेत नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करत होती, आणि स्वतः बाबूभाई अठ्ठ्याण्णवपासून विहाराचे निमंत्रित सदस्य होते. त्या ठरावात कारणही दिलेलं होतं: "ते तसेही प्रत्येक सभेला येतात." रविवारची तातडीची तेवढी त्यांची चुकली होती.

"लॉकडाउनच्या आधीचा माल हाय देवरावभाऊ," त्यांनी धूळ झटकली. "एक कोना उंदरानं खाल्ला. उतनाच ओरिजिनल दिसते."

राजदीपने पानांवर चहा शिंपडला आणि वही जुनी दिसावी म्हणून मोहफुलांच्या शेजारी उन्हात ठेवली. तासाभराने ती जुनी दिसू लागली आणि दारूच्या भट्टीसारखा वास मारू लागली. मग सगळे लिहायला बसले. देवराव मात्र बसले नाहीत. अध्यक्षांनी खोट्या सभेत बसावं असं ठरावात नव्हतं. ते लांब खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच ऐकत राहिले.

पहिल्या पानापर्यंत सगळं ठीक चाललं. समाधान व्यक्त करण्यात आलं. पुन्हा समाधान व्यक्त करण्यात आलं. तिसऱ्या सभेत अभ्यासिकेला पंखा घ्यायचा होता.

"सूचक, लटारू निमगडे," लटारूआबांनी लिहायला सांगितलं.

"पंखा मी मांडला होता," दीपालीबाई म्हणाल्या.

"खऱ्यात. इथी मी मांडतो."

"इथी कायले तुम्ही? आतापर्यंत सातही ठरावांचे सूचक तुम्हीच झाले."

"खऱ्या बुकात माह्या नावावर उवा हायेत. इथी पंखा तरी राहू दे ना वं!"

"माहा विरोध लिही साक्षी," दीपालीबाई म्हणाल्या.

"वहिनी, खोट्या सभेत विरोध कायले?" राजदीप कळवळला.

"नाई पटलं तं नाई पटलं."

साक्षीने विरोध लिहिला. मग राजदीपने पंखा कारखान्यातल्या सोसायटीतून घ्यावा असं सुचवलं. त्यावर लटारूआबा म्हणाले की गेल्या वेळी तिथून आणलेला पंखा उलटा फिरत होता. त्यावर राजदीप म्हणाला, उलटा नाही, तुम्ही उताणे झोपून बघत होता. दुपारी बारापर्यंत खोट्या बुकात दोन विरोध, एक दुरुस्ती आणि लटारूआबांचा सभात्याग नोंदला गेला होता.

"लहाने काका, या सभेत तुम्ही नव्हतेच कधी," राजदीप डोकं धरून म्हणाला. "ही सभा झालीच नाई. तुम्ही गेले कुठून?"

"माह्या मनाविरुद्ध झालं तं मी बसत नाई," लटारूआबा आंब्याखालून म्हणाले. "झाली काय आन् नाई काय."

*

मंगळवारी अकराला पांढरी गाडी आली. प्रतिष्ठानाच्या ललिता मॅडम साठीच्या आसपासच्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि चेहरा असा, की त्यावर कधी हो आलं असेल असं वाटत नव्हतं. त्यांनी अभ्यासिका पाहिली. टिनाकडे पाहिलं. टिनाखाली बसलेल्या सव्वीस जणांकडे पाहिलं, आणि ते सव्वीस जण मॅडमकडे न पाहता पुस्तकात पाहण्याचं नाटक करत होते, तेही पाहिलं. रुखमाबाईंनी सरबत दिलं. त्यांनी ते संपवलं आणि हात पुढे केला.

"इतिवृत्त पुस्तक?"

राजदीपने वही दिली. मॅडमनी ती उघडली, वास घेतला आणि चष्म्यावरून राजदीपकडे पाहिलं. राजदीप अंगणातल्या मोहफुलांकडे पाहू लागला.

मॅडम वाचू लागल्या. साक्षी त्यांच्या भुवयांकडे बघत होती. तिसऱ्या पानावर एक भुवई वर गेली. "हा सभात्याग कशाबद्दल?"

"पंख्याबद्दल," लटारूआबा म्हणाले. "माहाच होता."

"पंखा?"

"सभात्याग."

आणि नेमका त्याच क्षणी देवरावांनी घसा साफ केला. ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून विहाराच्या दाराशी उभे होते. "मॅडम आल्या, गोपाल सोडून सर्व सदस्य हजर हायेत, बाबूभाई पन आले. म्हणजे ही सभाच झाली. सभा सुरू करतो. सचिव, मागील सभेचं इतिवृत्त वाचा."

राजदीपचा चेहरा सिमेंटसारखा झाला. "बाबा," तो कुजबुजला, "आज राहू द्या."

"अडुसष्ट वर्षांत राह्यलं नाई, ते आज काऊन राहीन?"

साक्षीने बासनातून जाड बुक काढलं आणि शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. तिच्यासमोर दोन रस्ते होते. एकवीसशे चौतीस गाळून ती पस्तिसावा वाचू शकली असती; पस्तिसावा बकरीला नवा दोर घेण्याचा होता आणि निर्मळ होता. शिरीन खिडकीतून बघत होती. तिच्या मागे बाकीचे पंचवीस. समोर आई होती, आणि आईने डोळे मिटून घेतले होते.

लिहिणाऱ्याला मत नसतं, साक्षीने विचार केला. वाचणाऱ्याला असतं काय, हे कोणीच कधी लिहून ठेवलं नव्हतं.

"ठराव क्रमांक एकवीसशे चौतीस," तिने वाचलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मंगळवारी येणाऱ्या मॅडमना दाखवण्यासाठी तीन वर्षांचे नवीन बुक तयार करण्यात यावे. त्यात समाधान व्यक्त करण्यात यावे. सूचक राजदीप. अनुमोदक दीपालीबाई. बाजूने चार, पैकी एक दूरध्वनीवरून. ११.१५ ला मंजूर."

 ललिता मॅडमनी हातातली वही मिटली.

"थांबा," देवराव म्हणाले. "त्याच्या आधीची ओळ वाच."

"११.१०. रुखमाबाई बकरी हाकलण्यास गेल्या."

"परत कधी आल्या?"

"११.२५."

देवरावांनी बोटं मोजली. "मी, लटारू, राजदीप, दीपाली. लिहिणारा हजेरीत नाई. ठरावाच्या वेळी ओट्यावर चार. कोरम पाचाचा. गोपाल फोनवर होता. लॉकडाउनमधला ठराव सांग."

"फोनवरचे मत धरावे, फोनवरची हजेरी धरू नये," साक्षी पाठ म्हणावं तशी म्हणाली.

"कोरम नव्हता. ठराव रद्द." देवरावांनी मॅडमना हात जोडले. "मॅडम, तुमच्या हातातलं बुक बेकायदा हाय. आम्ही ते बनवाले नाई पायजे होतं. बनवलं, त्याची माफी. मूळ बुक हे हाय. यात जे हाय ते हाय."

ललिता मॅडमनी ते घेतलं. दोन्ही हातांनी घ्यावं लागलं. त्या ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचू लागल्या.

दुसऱ्या ठरावाला त्यांनी लटारूआबांच्या डोक्याकडे पाहिलं. "गेल्या का?"

"कवाच्याच," लटारूआबा खिन्नपणे म्हणाले.

मग त्या हसल्या. आधी नुसते खांदे हलले. टीव्हीच्या ठरावाला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. गाडीचा ड्रायव्हर काय झालं म्हणून धावत आला, आणि त्यालाही त्यांनी वाचून दाखवलं. दीपालीबाई खाली मान घालून बसल्या होत्या. पण हसणाऱ्या मॅडमनी मधेच हात लांबवून त्यांच्या पाठीवर ठेवला. "नवऱ्या मुलाचं मत पुढच्या सभेत विचारलं का हो?"

"नाई," दीपालीबाई म्हणाल्या. "राहूनच गेलं ते." आणि त्यांनाही हसू फुटलं.

मग मॅडमची पानं उलटायची गती कमी झाली. एका पानावर त्या थांबल्या, मागे गेल्या, पुढे गेल्या, पुन्हा मागे. हसू ओसरलं होतं.

"हा अंगठा कोणाचा?"

सभेच्या शेवटी सगळ्यांच्या सह्या असत. त्र्याहत्तर सालच्या पानावर, सह्यांच्या खाली, एक जांभळा अंगठा होता.

"माहा," रुखमाबाई म्हणाल्या. "नवीनच आली होती मी."

मॅडमनी बोट वर सरकवून त्याच पानावरचा ठराव वाचला. इतवारी पणजोबांचं ठसठशीत अक्षर: "सून रुखमा व इतर बायांस रोज संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर अक्षर शिकवावे. रॉकेल विहाराने द्यावे." पान उलटलं. अंगठा. पुढे अंगठा. मग एका सभेला अंगठ्याच्या शेजारी पडत झडत आलेला एक "रु". पुढच्या सभेला "रुख". मग दोन पानं पुन्हा नुसता अंगठा.

"तवा गोपाल झाला होता," रुखमाबाई म्हणाल्या.

आणि मग, पंच्याहत्तर सालच्या पानावर, रेघ सोडून वर चढलेली, शेवटचं अक्षर जागा न उरल्याने खाली लोंबणारी सही: रुखमा देवराव निमगडे. त्याच पानावर आणखी चार बायांच्या सह्या होत्या. पुढे ऐंशी साली ओट्यावर चौथीच्या मुली. मग दहावीची मुलं. एका साली पुरात रॉकेल मिळालं नाही म्हणून "चंद्र असेल त्या दिवशी वर्ग घ्यावा". एकही वर्ष सुटलेलं नव्हतं.

 हे बुक साक्षीने शंभर वेळा हाताळलं होतं. ठराव वाचले होते. सह्यांकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"अर्जात तुम्ही लिहिलंत, अभ्यासिका तीन वर्षांची," मॅडम म्हणाल्या.

"हो. मी टेबल मांडलं तेव्हापासून."

"पाच वर्षांच्या आतलं काम आम्ही घेत नाही. तुमचा अर्ज नाहीच्या गठ्ठ्यात होता. नाही म्हणायच्या आधी एकदा जाऊन यायचं असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून आले." त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि त्या अंगठ्यापासून सहीपर्यंतच्या एकेका पानाचा फोटो काढू लागल्या. "ही अभ्यासिका माझ्या नोकरीपेक्षा जुनी आहे, पोरी."

निघताना त्या गाडीत बसल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "मी फक्त शिफारस करते. मंजुरी वरून येते." मग जरा थांबून, "पण त्या भिंतीचं शेवटी काय झालं?"

"प्रलंबित हाय," देवराव म्हणाले.

*

एकोणीस दिवसांनी मंजुरीचं पत्र बाबूभाईंच्या दुकानातल्या मशीनमधून बाहेर आलं. बाबूभाईंनी ते गरम गरमच मोटारसायकलवर आणलं आणि शिरीनसाठी म्हणून घेतलेले पेढे रस्त्यातच वाटायला सुरुवात केली, म्हणून घरी पोचेपर्यंत अर्धेच उरले. अभ्यासिकेतून आरडाओरडा झाला. कोणीतरी टिनाचं छत बडवलं. लवकरच ते जाणार असल्याने कोणी अडवलं नाही.

सभा भरली. साक्षीने मागील इतिवृत्त वाचलं. मग दीपालीबाई उभ्या राहिल्या.

"ठराव एकवीसशे एकतीस मी मागं घेतो," त्या म्हणाल्या. "पोरगी इथीच राहीन. पुन्याच्या कंपनीनं दुसरं कोनी पाहावं."

"कारण?" देवरावांनी विचारलं. रद्द करायला कारण लागत असे.

"कारण..." दीपालीबाईंनी बराच विचार केला. "तिनं त्या दिवशी वाचलं म्हणून."

अनुमोदनाला एकाच वेळी पाच हात वर गेले आणि फोनमधून बाबा ओरडले, "माहा पन लिव! बस उभी केली मी त्याच्यासाठी!" साक्षीने लिहिलं. आज अक्षर भलतंच कललं होतं, डावीकडे, उजवीकडे, जमेल तिथे. तिने ते तसंच राहू दिलं.

"आनखी काही विषय?" देवराव म्हणाले.

"एक हाय," रुखमाबाई म्हणाल्या. त्या दारातल्या बकरीला पेढ्याचा तुकडा भरवत होत्या. "लिहून घे साक्षी. त्या रविवारी बकरी सुटली नव्हती. मी सोडली होती."



"माय!" राजदीप म्हणाला.

"मंग? माही सही ज्या बुकात हाय ते सोडून दुसरं बुक दाखवून राह्यले होते तुम्ही. मत दिलं असतं तं एकच पडलं असतं माह्यं. कोरम मोडला तं सगळेच पडले." त्यांनी देवरावांकडे पाहिलं. "तुम्हीच शिकवलं मले ओट्यावर. अक्षर शिकवलं, तसे नियम पन शिकवले."

 देवरावांनी फार गंभीरपणे विचारलं, "इतिवृत्तात घ्याचं?"

"घ्या ना."

साक्षीने लिहिलं: "ठराव क्रमांक एकवीसशे एकेचाळीस. त्या रविवारी रुखमाबाईंनी बकरी सोडल्याबद्दल ही सभा त्यांचे व बकरीचे आभार मानते. सर्वानुमते मंजूर. लटारूआबा तटस्थ, कारण त्यांच्या तोंडात पेढा होता."

मग तिने बुक सगळ्यांपुढे फिरवलं. सगळ्यात शेवटी रुखमाबाईंनी पेन घेतलं, चष्मा नाकावर ढकलला, आणि रेघ सोडून वर चढणारी आपली पूर्ण सही केली. शेवटच्या अक्षराला या वेळीही जागा उरली नाही.